गव्हाणी घुबडाचं उडणं: प्रकल्प नोंदी (बेळगाव–खानापूर शिवार, नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

३ नोव्हेंबर २०२४

जागा ठरली. बंद पडलेलं कौलारू गुऱ्हाळघर. पश्चिमेला भाताचं शिवार, पूर्वेला ऊस, दक्षिणेला ओढा. माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. भिंतीलगत पांढरी शीट आणि ओकलेल्या, न पचलेल्या हाडा-केसांच्या गोळ्यांचा थर. ताजी गोळी काळी, वार्निश मारल्यासारखी चकचकीत असते. जुनी झाली की राखाडी पडते आणि बोटानं चुरते. इथे दोन्ही सापडल्या, म्हणजे पक्षी नुसते येऊन-जाऊन नाहीत, मुक्कामाला आहेत.

गावाचं नाव या नोंदींत कुठेही येणार नाही. लक्ष्मीपूजन परवाच झालं. त्या अमावास्येच्या तोंडावर घुबडं धरून विकणारे फिरतात, आणि फोटोखाली गावाचं नाव पडलं की माळा रिकामा व्हायला एक रात्र पुरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे घुबड धरणं, पाळणं, विकणं गुन्हा आहेच, पण गळून पडलेलं पीसही घरी नेता येत नाही. म्हणून पिसांचं सगळं काम पडल्या जागी होईल: शेजारी मोजपट्टी, फोटो, आणि पीस तिथेच.

पूर्वेकडच्या मळ्याचे मालक घरी कन्नड बोलतात. त्यांच्याकडे या पक्ष्याला ‘कणज गूबे’ म्हणतात. कणज म्हणजे आपली कणगी. आपण नाव गव्हाणीवरून दिलं, त्यांनी कणगीवरून. दोघांनीही पक्षी जंगलात नव्हे, घरामागं पाहिला.

प्रश्न एवढाच: हे घुबड उडताना आवाज का करत नाही? ठरलेलं उत्तर असतं, ‘पंखाच्या कडेला कंगवा असतो म्हणून.’ तेवढ्यानं भागतं का, हे तपासायचं.

९ नोव्हेंबर

भाताची सुगी पश्चिमेच्या पट्ट्यात उरकली. कापलेल्या रानात मसूर पेरायची घाई आहे, त्याआधी पक्षीथांबे उभे केले. सहा थांबे, एका ओळीत, चाळीस-चाळीस मीटरवर. बांबू साडेतीन मीटर, त्यातला अर्धा मीटर जमिनीत. वर ४५ सेंमीचा आडवा दांडा.

दांडा दोन सेंमीचा घेतला तर घुबड बसल्यावर तो हलतो, आणि हलत्या दांड्यावर ते दुसऱ्यांदा बसत नाही. तीन-चार सेंमी जाडी हवी. गुळगुळीत बांबूवर नखं घसरतात, म्हणून दांड्यावर सुतळी घट्ट गुंडाळली. सांधा खिळ्यानं केला की बांबू चिरतो. बाइंडिंग तारेचे सहा वेढे आणि पकडीनं पीळ, हे टिकतं. प्रत्येक थांब्याच्या बुडाशी खताचं रिकामं पोतं उलटं अंथरलं. सकाळी पोत्यावर शीट दिसली की रात्री थांबा वापरला गेला. दिवसा त्याच दांड्यावर कोतवाल बसतात. त्यांची शीट लहान थेंबांची, घुबडाची चुन्याच्या फटकाऱ्यासारखी लांब. गल्लत होत नाही.

१२ नोव्हेंबर

पोत्यांवरून: थांबा २ आणि ३ रोज वापरात, १ कधीमधी, बाकी कोरे. चित्रण २ आणि ३ च्या मधे करायचं. माळ्याच्या तोंडाशी कॅमेरा लावायचा नाही, त्यानं जोडी जागा सोडू शकते.

१४ नोव्हेंबर

पहिली रात्र वाया. पौर्णिमा उद्यावर, चांदणं भरपूर, तरी कॅमेऱ्याला ते पुरत नाही.

काय चुकलं ते लिहून ठेवतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे अवरक्त दिवे लावूनही चित्र काळं. ती काच काढलेला कॅमेरा लागतो. तो होता, पण फोकस संध्याकाळी उजेडात बांबूवर धरला होता. अवरक्त प्रकाश भिंगातून वेगळ्या ठिकाणी एकवटतो, म्हणून रात्री सगळं मऊ, धुरकट आलं. फोकस अंधारात, तेच दिवे लावून, बांबूवर छापील कागद चिकटवून धरायचा. तिसरी चूक दिव्यांची. ८५० नॅनोमीटरचे दिवे मंद लाल दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांना कॅमेरा कमी प्रतिसाद देतो, म्हणून दिव्यांची संख्या दुप्पट लागते. आम्ही दोन लावले होते, चार हवेत. आणि वीज थेट लाईनवरून घ्यायची नाही: स्वस्त अडॅप्टरवर दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि सेकंदाला १२० फ्रेमच्या चित्रणात पट्टे उमटतात. १२ व्होल्टची बॅटरी बरी.

१७ नोव्हेंबर

आज जमलं. चार दिवे, १२० फ्रेम, प्रत्येक फ्रेम एक हजारांश सेकंदाची. तरीही पंखाचं टोक पुसट येतं. हिशेब साधा आहे: टोक खालच्या फटकाऱ्यात सेकंदाला दहा मीटरच्या आसपास जातं, म्हणजे हजारांश सेकंदात एक सेंटीमीटर घसरतं. टोकाची पिसं स्वच्छ हवी असतील तर फ्रेम अर्ध्या हजारांश सेकंदाची पाहिजे, आणि त्यासाठी उजेड पुन्हा दुप्पट. तूर्त पंखाच्या मनगटापर्यंतचं चित्र चांगलं आहे, त्यावर काम चालेल.

वेग मोजायला तीन मीटर अंतरावर दोन बांबू रोवले होते. कॅमेरा त्या रेषेपासून आठ मीटर मागे. इथे एक फसगत आहे. पक्षी रेषेच्या मीटरभर अलीकडून गेला तर दोन बांबूंमधलं अंतर त्याने खरं २.६ मीटर कापलेलं असतं, आपण तीन धरतो, आणि वेग सातव्या हिश्श्याइतका जास्त येतो. म्हणून दुसरा कॅमेरा ओळीच्या टोकाला, रेषेत बघणारा, लावला. तो नुसतं ‘अलीकडे की पलीकडे, किती’ एवढंच सांगतो.

चित्रात काय दिसतं:

थांब्यावरून निघताना घुबड उडी मारत नाही, पुढे कलतं. पंख अर्धे उघडतात, शरीर हातभर खाली येतं आणि त्या पडण्यातूनच वेग मिळतो. पहिले तीन-चार फटके खोल, जवळजवळ पोटाखाली पंख येतील इतके. त्यानंतर लय लागते: एका फटकाऱ्याला २४ ते २८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार. खाली येताना पंख पूर्ण पसरलेला. वर जाताना मनगट आत मुडपतं आणि टोकाची पिसं मागे ओढली जातात, वल्हं पाण्याबाहेर काढताना आडवं करतात तसं.

सगळ्यात देखणी गोष्ट डोक्याची आहे. फ्रेमवर फ्रेम ठेवून चोचीचा ठिपका जोडत गेलो. धड प्रत्येक फटक्याला वर-खाली होतं, पण डोक्याची रेष सुतानं आखल्यासारखी सरळ. मान सगळे धक्के खाऊन टाकते. एरवी पिसांच्या गोळ्यात दिसतच नाही इतकी लांब मान त्या पक्ष्याला आहे, ती इथे कामाला येते. पांढरा चेहरा अंधारातून कुणी दोरीवरून ओढत नेल्यासारखा जातो, आणि मागून पंख आपलं काम करत राहतात.

२४ नोव्हेंबर

कागदी हिशेब. गव्हाणी घुबडाचं वजन ३५० ग्रॅम धरलं आणि दोन्ही पंखांचं क्षेत्र १२०० चौरस सेंमी, तर चौरस सेंमीला ०.२९ ग्रॅम. पारवाही साधारण त्याच वजनाचा असतो, पण त्याचं पंखक्षेत्र जेमतेम अर्धं. समजावून सांगायला सोपं: झेरॉक्सचा ए-फोर कागद ६२४ चौरस सेंमीचा असतो. पारवा एका कागदावर उडतो, घुबड तेवढंच वजन घेऊन दोन कागदांवर.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. हवेची घनता इथे घनमीटरला १.१ किलो धरली. उचल गुणांक (पंख हवेतून किती उचल काढतो त्याचं माप) १ धरून वजन पेलायला लागणारा वेग घुबडाला सेकंदाला ७.२ मीटर येतो, पारव्याला दहा. ७.२ म्हणजे ताशी २६ किलोमीटर, उतारावरची सायकल. चित्रणातले वेग साडेपाच ते साडेसात यांच्यात आहेत, म्हणजे हिशेब आणि घुबड एकमेकांशी भांडत नाहीत.

आता आवाज. पात्याच्या किंवा पंखाच्या मागच्या कडेवरून सुटणाऱ्या हवेचा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घातानं वाढतो. घुबडाचा वेग पारव्याच्या ०.७ पट. ०.७ चा पाचवा घात ०.१७. म्हणजे कंगवा (पंखाच्या पुढच्या कडेचे दात), झालर (मागच्या कडेचे मोकळे तंतू), मखमल (पिसावरची लव) काहीही हिशेबात न धरता, नुसत्या संथपणानं आवाजाची शक्ती सहाव्या हिश्श्यावर, साडेसात डेसिबेल खाली. हे उत्तर पुस्तकात शेवटी येतं, यायला हवं पहिलं.

१० डिसेंबर

ध्वनिमुद्रण. थांबा २ आणि ३ च्या मधे जमिनीवर तीन मायक्रोफोन, पाच-पाच मीटरवर, फोम आणि वर केसाळ टोपी. पक्षी दोनेक मीटर वरून जातो.

अडचणी एकामागून एक. ऊसतोडीचा हंगाम भरात आहे. रात्री बारापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांच्यावरची गाणी. बारानंतर थ्री फेज आली की ओढ्याकाठच्या मोटारी सुरू. चांगला वेळ उरतो पहाटे तीन ते पाच, तोही मोटारींचा फेर त्या बाजूला नसेल तर. रातकिडे ४ ते ६ किलोहर्ट्झमध्ये सलग भिंत उभी करतात. गारठा वाढला की ते मंदावतात, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीचं, नोव्हेंबरचं नाही.

मायक्रोफोनचा स्वतःचाही खर्र असा आवाज असतो. स्वस्त रेकॉर्डरचा तो इतका असतो की घुबड त्याखाली बुडतं, आणि मग माणूस खुशाल ‘काहीच आवाज नाही’ असं लिहून मोकळा होतो. आधी बंद खोलीत, गादीखाली ठेवून, रेकॉर्डरचा स्वतःचा खर्र नोंदवून घ्यायचा. पक्ष्याचा आवाज त्याच्या वर आला तरच मोजायचा.

१५ डिसेंबर

पहाटेच्या सात फेऱ्या मिळाल्या. पाचांत तरंगत जाणारं घुबड, काहीही वर आलं नाही. दोनांत थांब्यावरून उडतानाचे तीन-चार मऊ ठोके, सगळे ५०० हर्ट्झच्या खाली. चादर झटकण्याचा आवाज दोन घरं पलीकडून यावा तसे. त्याच मायक्रोफोनवर सकाळी पारवे उठले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट आणि त्यावर शिट्टी.

लक्षात घ्यायचं ते हे: आवाज शून्य नसतो. उरतो तो खालच्या पट्टीतला. २ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काही नाही. गव्हाणी घुबडाचे कान दिशा लावायला मुख्यतः ४ ते ८ किलोहर्ट्झ वापरतात, आणि उंदरांचं ऐकणं त्याहून कितीतरी वर जातं. म्हणजे जिथे उंदीर ऐकायचा आणि जिथे उंदरानं आपल्याला ऐकू नये, नेमका तोच पट्टा मोकळा आहे. दोन्हींपैकी कुठला फायदा आधीचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. शेतात उभं राहिलं तर दोन्ही एकदमच मिळतात.

२२ डिसेंबर

गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ पीस पडलेलं. नशीब म्हणायचं: पंखाचं सगळ्यात बाहेरचं, टोकाच्या दहा पिसांतलं शेवटचं. कंगवा याच पिसावर असतो. बाकीच्या पिसांवर शोधत बसलेले पुष्कळ जण ‘इथे काही दात नाहीत’ म्हणून परततात.

फोटोची पद्धत: पीस उचलायचं नाही. मागे काळा कार्ड कागद सरकवायचा, मिलिमीटरची पट्टी बाजूला, मोबाइलवर चिमट्याचं भिंग, आणि टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून अगदी तिरका धरायचा. वरून उजेड टाकला की दात पिसाच्या रंगात मिसळून जातात. तिरक्या उजेडात प्रत्येकाची सावली पडते.

दात सुमारे दोन मिलिमीटर लांब, एकमेकांपासून अर्धा मिलिमीटरच्या आसपास. करवतीसारखे सपाट नाहीत. प्रत्येक दात म्हणजे पिसाच्या तंतूचं सुटं राहिलेलं टोक, आणि ते टोकाकडे झुकून किंचित वर वळलेलं असतं. आतल्या बाजूच्या कडेला दुसरीच गोष्ट: तंतू एकमेकांत अडकलेले नाहीत, मोकळे लोंबतात, शालीच्या दशांसारखे. ही झालर. आणि वरचा पृष्ठभाग बारीक लव असलेला, बोट फिरवलं तर मखमल. ही लव म्हणजे तंतूंच्या उपतंतूंची लांबलेली टोकं. १९३४ मध्ये आर. आर. ग्रॅहम यांनी घुबडाच्या शांत उडण्यामागे याच तीन गोष्टी मांडल्या, आणि पुढचं बहुतेक संशोधन त्या तिघींच्याच मागे गेलं. जपानच्या ५०० मालिकेच्या बुलेट ट्रेनमध्ये छतावरच्या पँटोग्राफचा (तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याचा) आवाज कमी करायला कंगव्याचीच कल्पना घेतली. ती गाडी १९९७ मध्ये धावू लागली.

मखमलीचं काम लोक विसरतात. पंख मिटताना-उघडताना पिसं एकमेकांवर घासतात. कबुतरं पाळणाऱ्याकडून आणलेली पाळीव कबुतराची दोन पिसं कानाजवळ एकमेकांवर ओढली तर कागद चुरगाळल्यासारखी खरखर येते. घुबडाच्या पंखात पिसांच्या मधे लव येते, म्हणून ती खरखर दबते.

पीस जागेवर ठेवून निघालो.

५ जानेवारी २०२५

पंख्यावरचे प्रयोग सुरू: पात्यांना घुबडासारखे दात लावून आवाज किती उतरतो ते बघायचं. संगणकाचा १२० मिमी पंखा, सात पाती, १२ व्होल्टवर मिनिटाला २४०० फेरे. फेरे मोजायला पंख्याची तिसरी वायर पुरते: एका फेऱ्याला दोन ठोके, म्हणजे २४०० ला ८० हर्ट्झ. अर्ध्या वेगावर, १२०० फेऱ्यांना, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सातच्या जवळ येतो. घुबडाचाच वेग, म्हणून हाच पंखा.

मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप खरा आकडा देत नाही, फरक मात्र बरा देतो. अट एक: फोन तोच, अंतर तेच (५० सेंमी), जागा तीच. पहिल्या दिवशी फोन पंख्याच्या समोर धरला आणि वाराच मोजला. हवा आत ओढली जाते त्या बाजूला, तिरकं धरायचं.

दात न लावता, पूर्ण वेगावरून अर्ध्यावर आणलं: १४ डेसिबेल खाली. पाचव्या घाताच्या हिशेबानं १५ यायला हवेत. राहिलेला एक मोटरच्या बेअरिंगचा, संथ वेगावर तोच वर येतो.

७ जानेवारी

दात: ओएचपीच्या पारदर्शक शीटमधून, दोन मिमी लांब, चाळीस मिमीची पट्टी, सात नग. पात्याच्या पुढच्या कडेला चिकटवले. पंखा थरथरू लागला आणि आवाज वाढला. कारण पट्ट्यांचं वजन सारखं नव्हतं. सोनाराच्या काट्यावर तोलून सगळ्या पट्ट्या ०.०१ ग्रॅमच्या आत आणल्या, थरथर गेली. दुहेरी टेप जाड पडते आणि कडेला पायरी तयार होते, ती वेगळाच फुत्कार करते. त्याऐवजी पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, टूथपिकच्या टोकानं.

एवढं करून निकाल: काही फरक नाही. एका मोजणीत एक डेसिबेल जास्तच.

१२ जानेवारी

फरक का नाही, त्याचं कारण सापडलं. मोकळ्या खोलीत पंख्याकडे येणारी हवा गुळगुळीत असते, तिथे दातांना कामच नाही. पंख्याच्या पुढे पंधरा मिमीवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चौकटीत ताणून बसवला. जाळीतून आलेली हवा विस्कटलेली असते. ती पात्याच्या पुढच्या कडेवर आपटली की सळसळ वाढते. आता दातांनी २ किलोहर्ट्झच्या वर तीन डेसिबेलच्या आसपास उतार दिला. खालच्या पट्टीत काहीच नाही. दात काढून पुन्हा मोजलं, पुन्हा लावून मोजलं, तेच.

घुबड उडतं ते पिकाच्या डोक्यावरून, बांधाच्या, कुंपणाच्या, गंज्यांच्या मागून. तिथली हवा जाळीतून आल्यासारखीच असते. शिवाय ते संथ उडायला पंख जास्त तिरका धरतं, आणि तिरक्या पंखावरची हवा सुटायला बघते. सुटलेली हवा म्हणजे उचल गेली आणि आवाज आला. मोठा पंख संथपणा देतो. कंगवा तो संथपणा बिघडू देत नाही. तीन डेसिबेल आणि चौदा डेसिबेल, यातली थोरली बहीण कोण ते दिसतंय.

झालरीचा प्रयोग सोडून दिला. रेशमाचे सुटे तंतू मागच्या कडेला लावले, पण १२०० फेऱ्यांना पात्याच्या टोकाशी गुरुत्वाच्या नव्वद पटीच्या आसपास ओढ बाहेरच्या दिशेनं बसते आणि तंतू मागे न वाहता पात्याच्या लांबीत आडवे पडतात. पंखा गोल फिरतो, घुबड फिरत नाही. झालरीसाठी वाऱ्याचा बोगदा हवा.

१३ जानेवारी

पौर्णिमा. उद्या संक्रांत, ट्रॅक्टर कमी, शिवार शांत. चांदण्यात पोटाचा पांढरा इतका उजळतो की शंभर मीटरवरून पक्षी दिसतो. लपण्याच्या दृष्टीनं हे उलटंच. स्वित्झर्लंडमधल्या २०१९ च्या अभ्यासात मात्र असं दिसलं की पौर्णिमेच्या उजेडात पांढऱ्या पोटाचं गव्हाणी घुबड समोर आलं की शेतातले उंदीर पळायच्या ऐवजी जास्त वेळ थिजतात.

१९ जानेवारी

झेप मिळाली, संपूर्ण, दोन्ही कॅमेऱ्यांवर. मसूर वीतभर आली आहे, दव भरपूर.

थांबा ३ वरून निघून बाराव्या मीटरला घुबड जागच्या जागी वळलं. एक पंख खाली, शेपूट पिळलेली, वळणाचा घेर पंखांच्या लांबीहून फार मोठा नाही. हलक्या भाराच्या पंखाला हे जमतं. पारव्याला इतकं आखूड वळण अवघड. मग दीड मीटर उंचीवर चार फटके जवळजवळ थांबून. मनगटावरचं अंगठ्याचं पीस उभं, शेपूट पंख्यासारखी. चेहरा खाली, एकाच जागी खिळलेला.

झेपेत चेहरा पुढे असतो, पाय मागे. अगदी शेवटी, आमच्या मोजणीत अखेरच्या १५ फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात, डोकं मागे जातं आणि चेहरा ज्या रेषेत होता त्याच रेषेत पाय येतात. पाय लांब, पक्षी बसलेला असताना तेवढे वाटत नाहीत. बाहेरचं बोट मागे वळून नखं दोन पुढे, दोन मागे अशी फाकतात. पंख वर उचललेले राहतात, पिकाला लागत नाहीत.

हे सगळं कानावर चालतं. रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत केलेले प्रयोग १९७१ मध्ये छापले: गव्हाणी घुबड नुसत्या आवाजावर उंदीर धरतं, चूक एखाद्या अंशाची. डावा कान उजव्यापेक्षा वर आणि खाली रोखलेला, उजवा खाली आणि वर रोखलेला. आवाज कुठल्या कानात मोठा यावरून उंची कळते, कुठल्या कानात आधी यावरून डावं-उजवं. चेहऱ्याची तबकडी आवाज गोळा करून कानांकडे लावते. आता पंखच सळसळले असते तर या कानांना स्वतःच्याच गोंगाटातून मसुरीतली कुरकुर वेचावी लागली असती.

या वेळी उंदीर सुटला. दवानं ओली पानं सरकली की सुकल्यासारखी वाजत नाहीत, कदाचित म्हणून.

२ फेब्रुवारी

तुलनेसाठी खानापूर तालुक्यात, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मलप्रभेच्या काठी दोन संध्याकाळी. मत्स्य घुबड. आकारानं गव्हाणीच्या कितीतरी वरचं, आणि उडताना ऐकू येतं: नदी ओलांडताना फस्स-फस्स, मायक्रोफोनची गरजच नाही. माशाला पाण्याखालून पंखाची सळसळ कळत नाही, आणि मासा कानानं शोधायचा नसतो. त्याच्या पंखावर कंगवा नीट वाढलेला नसतो, मागची झालरही नाही. पायही उघडे, गव्हाणीचे पाय बारीक पिसांनी झाकलेले असतात.

परतीच्या वाटेवर पिंगळा तारेवर. तो दिवसाउजेडीही हिंडतो, किडे खातो. उडतो ते लाटा घेत: पाच-सहा झपझप फटके, मग पंख मिटून खाली. जवळून गेला तर फुर्रर्र कळतं. शांतता सगळ्या घुबडांना वारशानं मिळत नाही. ज्याला ती परवडते आणि ज्याचं तिच्यावर पोट आहे, त्याच्याकडेच पूर्ण संच असतो.

९ फेब्रुवारी

दोन रात्री पश्चिमेचा वारा. थांबे कोरे, पोती कोरी. दोन कागदांवर एका कागदाचं वजन घेऊन उडणाऱ्याला वारा जास्त लागतो. समोरून आला तर जमिनीवरचा वेग शून्यावर येतो, आणि पिकाची सळसळ सगळे आवाज झाकते. पावसाचंही तसंच. मखमल पाणी धरते. ओला पंख जडही होतो आणि आवाजही करतो. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात या पक्ष्यानं पोट कसं भरायचं, याचं उत्तर बहुधा छपराखाली आहे: गोठे, गोदामं, पिंजराच्या गंज्या. म्हणून माळे बुजवू नयेत. वाऱ्या-पावसात आतच शिकार करता यावी म्हणून पक्ष्याला गोठ्यात शिरायला वीतभर चौकोनी झरोका पुरतो.

१६ फेब्रुवारी

मालकांशी ठरलं ते: ब्रोमाडिओलोन या उंदीरविषाची वडी बांधावर टाकायची नाही. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो. अशा उंदराला घुबड आधी धरतं आणि ते विष त्याच्या यकृतात साठतं. बिळं असतील तिथे सापळे, आणि बांध रुंद असेल तर तो खरवडून कमी करायचा. घुशींना तिथेच जागा मिळते.

२३ फेब्रुवारी

थांबा ५ आणि ६ पहिल्या दिवसापासून कोरे होते. या आठवड्यात ६ वापरात आला आणि तेच खटकलं. ६ डांबरी रस्त्यापासून तीस मीटरवर आहे. घुबड दीड-दोन मीटर उंचीवरून, सायकलच्या वेगानं, खाली कान लावून रस्ता ओलांडतं. ट्रॉलीच्या टपाची उंची तीच. चित्रणात एकदा ते ट्रॅक्टरच्या उजेडात शिरलं आणि वळायच्या ऐवजी क्षणभर तिथेच तरंगत राहिलं.

दोन्ही बांबू उपटले. पाच आणि सहा आता ओढ्याच्या अलीकडच्या बांधावर, रस्त्यापासून अडीचशे मीटर. दांडे तेच, सुतळी नवी. पोती अंथरली.